ओ दिल्याशिवाय पुढं नाही

निफाडचा पारा घसरला की टीव्हीवर निफाडचं नाव येतं. एरवी वर्षभर कुणी विचारत नाही, पण डिसेंबर सरत आला आणि गारठ्याचा कडाका वाढला, की बातम्या देणारी मुलगी निफाड, निफाड करत राहते. इंदिरानगरच्या फ्लॅटमध्ये सोफ्यावर पाय वर घेऊन बसलेली गोजराबाई ते ऐकायची आणि पडद्याकडं बघून म्हणायची, "निफाडचं काय सांगती बाई? आमच्या सायखेड्याला, नदीकाठी येऊन उभी राहा पहाटंची. मग बोल."

तिचा नवरा गोटीराम गेला, पाठोपाठ गुडघ्यांनीही साथ सोडली, तेव्हा थोरला मुलगा राज तिला नाशिक शहरात घेऊन आला. राज ओझरच्या विमान कारखान्यात कामाला. धाकटा साई आणि त्याची बायको छाया सायखेड्याला राहून शेती बघायचे. शेवंती, गुलाब, थोडी भाजी. गोजराबाईला इंदिरानगरात कमी काहीच नव्हतं. नळाला गरम पाणी होतं, दुलई होती, खिडक्या लावल्या की थंडी बाहेरच्या बाहेर. पण पहाटे जाग यायची ती काही सुटली नाही. घर झोपलेलं असायचं आणि ती दुलईत डोळे उघडे ठेवून पडून राहायची. कान काहीतरी शोधत राहायचे. मग आठवायचं, इथं कुणाला हाळी द्यायची नाही. इथं सगळ्यांच्या उशाला मोबाईल वाजतो.

सायखेड्याच्या नदीकाठच्या वस्तीवर गोजराबाईची ओळखच मुळी तिच्या हाळीची होती. दिवाळी झाली, गारठा पडायला लागला, की रोज पहाटे ती डोक्याला टॉवेल गुंडाळून, गोटीरामचा जुना स्वेटर लुगड्यावर चढवून निघायची. बांधाबांधानं मजुरांच्या झोपड्या असायच्या. सुरगाण्याकडून, पेठकडून द्राक्षबागांच्या कामाला आलेली माणसं पाचटाच्या आणि प्लास्टिकच्या कागदाच्या झोपड्या करून हंगामभर राहायची. गोजराबाई एकेका झोपडीसमोर थांबायची आणि आवाज लावायची,

"उठली का वंऽऽऽ? ओ द्याऽऽऽ!"

आतून आवाज यायचा, "उठलो वं मावशी!" की ती पुढच्या झोपडीकडं. आवाज नाही आला तर मात्र हलायची नाही. पुन्हा हाळी, मग काठीनं कागदावर थापा, मग सरळ कागद वर करून आत डोकं. एखादा गडी चिडायचा. "मावशी, जरा झोपू दे की!" त्यावर ती म्हणायची, "झोप की बाबा, दुपारपरेंत झोप. पण आधी ओ दे." ओ दिल्याशिवाय पुढं नाही, हा तिचा नेमच होता.

वस्तीवरची पोरं तिची नक्कल करायची. शेजारच्या मळ्यातली कलाबाई, तिची चुलत जाऊ, म्हणायची, "गोजरामुळं आमच्या कोंबड्यांना काम उरलं नाय." धुकं असलं की नदीच्या पल्याडही तो आवाज ऐकू जायचा. फुलांच्या पाट्या भरून नाशिकच्या बाजाराला निघालेले टेम्पोवाले त्या आवाजावर चहाचं आधण ठेवायचे. पण हे सगळं नंतरचं. हाळी सुरू झाली ती मात्र हसण्यासारख्या गोष्टीनं नाही.

त्या साली राज शाळेत होता आणि साई अजून कडेवर होता. त्या हिवाळ्यात थंडी अशी पडली, की म्हाताऱ्या माणसांनासुद्धा तसं मागचं साल आठवेना. रात्रीचं दव पानावरच गोठायचं. सकाळी कोबीच्या पानांवर खडीसाखर सांडल्यागत दिसायचं. झेंडू तर दोन दिवसांत काळा पडला, चुलीतून काढल्यासारखा. द्राक्षांचे मणी भरत आले होते, थंडीनं ते तडकायला लागले. मग बागाईतदारांनी ठरवलं, पहाटे सगळ्यांनी एकदम बागांत शेकोट्या करायच्या. ओलं पाचट, काडीकचरा पेटवायचा आणि धूर बागेवर धरायचा. घरटी माणूस त्या कामाला लागला. मजूर तर लागलेच. अंधारातच सगळं शिवार धुरानं भरून जायचं आणि त्या धुरात माणसं खोकत फिरायची.

गोजराबाईच्या बांधाला त्या वर्षी सगुणाबाईची झोपडी होती. सगुणाबाई सुरगाण्याकडची. विशीतली, सडपातळ, बोलायला कमी आणि हाताला चलाख. तिचा नवरा, सासू आणि अंगावर पिणारी मुलगी, सुवर्णा, एवढी माणसं. सगुणाबाई पहाटे गोजराबाईबरोबर शेवंती तोडायला यायची. थंडीनं बोटं वाकडी व्हायची, देठ मोडता यायचे नाहीत. मग दोघी हात काखेत घालून उभ्या राहायच्या आणि एकमेकींकडं बघून हसायच्या. "तुमच्या डोंगरात नसंल एवढी थंडी," गोजराबाई म्हणायची. "डोंगरात लाकूड हाय," सगुणाबाई सांगायची. "हितं लाकूड कुठं हाय?"

एका पहाटे सगुणाबाई आलीच नाही.

गोजराबाईला आधी रागच आला. बाजाराचा दिवस, पाट्या रिकाम्या, आणि नेमकी आजच हिनं दांडी मारली. ती एकटीच तोडायला लागली. दोन सरी झाल्या आणि तिनं सहज बांधाकडं पाहिलं. फटफटायला लागलं होतं. रोज या वेळेला सगुणाबाईच्या झोपडीवरून चुलीचा धूर उठायचा. आज बागाबागांतून धूर उठत होता. त्या झोपडीवर तेवढा नव्हता.

"सगुणाऽ!" तिनं जागेवरूनच हाक मारली. "अगं ये सगुणा!"

काही नाही. पाटी तिथंच टाकून ती गेली. झोपडीचा कागद चारी बाजूंनी घट्ट ओढून मातीनं दाबलेला होता. वारा शिरू नये म्हणून दाराच्या जागी गोणपाट आतून खोचलेलं. तिनं ते ओढून पाहिलं, निघेना. पुन्हा हाक मारली. पाचोळा हलला तरी जागी होणारी बाई ही. हातात विळा होता. तिनं कागद उभा फाडला.

आतून ऊब आली. इतकी छान ऊब, की क्षणभर गोजराबाईला बरंच वाटलं. ते क्षणभराचं बरं वाटणं तिला पुढं कितीतरी वर्षं आठवत राहिलं. मधोमध घमेलं होतं, त्यात कोळसे आणि गोवऱ्यांची राख अजून लालसर. त्याच्या भोवती तिघी झोपलेल्या. शांत, पांघरुणं नीट घेतलेली.

तिनं आधी पोरीला उचललं आणि बाहेर गवतावर, दवाच्या बर्फावर ठेवलं. मग सगुणाबाईला काखेत हात घालून ओढलं. ती चिखलातल्या पोत्यासारखी जड झाली होती. "धावा वंऽऽऽ!" गोजराबाई ओरडली. "कुणीतरी धावाऽऽऽ!" शेजारच्या मळ्यातून कलाबाई पळत आली. दोघींनी मिळून म्हातारीला बाहेर काढलं. गार वारा लागल्याबरोबर सुवर्णानं तोंड वाकडं केलं आणि टाहो फोडला. सगुणाबाईनं डोळे किलकिले केले, ओकली, पुन्हा मान टाकली. कलाबाई तिच्या गालांवर मारत होती, "बोल गं! बोल! ओ दे!" शेवटी सगुणाबाईच्या ओठांतून कसाबसा आवाज निघाला, "ओ..."

म्हातारीनं मात्र ओ दिली नाही.

सगुणाबाईचा नवरा तेव्हा दोन बागांपलीकडं होता. अंधारातच त्याला शेकोट्या पेटवायला बोलावून नेलं होतं. तो आला तेव्हा त्याचं तोंड काजळीनं काळं झालेलं. आईजवळ बसला आणि तिच्या अंगावरची गोधडी तो नीट करत राहिला, जणू तिला गार लागेल.

तालुक्याच्या डॉक्टरांनी सगुणाबाईला तपासलं, पोरीला तपासलं आणि सांगितलं, कोंडलेल्या जागेत कोळसा जळला की विषारी वायू तयार होतो. त्याला वास नसतो, रंग नसतो. माणूस झोपेतच जातो. त्याला कळतसुद्धा नाही.

त्या दिवशी शेवंती तशीच राहिली. संध्याकाळी गोटीरामच्या ओसरीवर माणसं बसली होती. कुणी म्हणालं, म्हातारीचं वय झालं होतं. कुणी म्हणालं, भरले दिवस. गोजराबाई दारात उभी होती. चारचौघांत ती कधी बोलायची नाही, पण त्या दिवशी बोलली.

"घडाला थंडी वाजती म्हणून सगळं शिवार उठलं," ती म्हणाली. "माणसाला वाजती, ते कुणाच्या ध्यानात आलं का?"

गोटीराम खाली मान घालून तंबाखू मळत राहिला.

दुसऱ्या दिवशी पहाटे ती लुगडं खोचून निघाली तेव्हा गोटीराम अंथरुणातून म्हणाला, "अगं ये, एवढ्या गारठ्यात कुठं निघाली?"

"झोपड्यांकडं. हाळी देऊन येते."

गोटीराम मग उठला आणि आपला स्वेटर काढून तिच्या अंगावर टाकला. "हा घाल," एवढंच म्हणाला.

तिथून पुढं किती हिवाळे गेले, ते तिनं मोजले नाहीत. दिवाळीनंतर ती वस्तीवर घरोघर फिरायची आणि मजुरांना पांघरायला जुन्या चादरी, फाटकी गोणपाटं, विटलेली लुगडी गोळा करायची. झोपड्या उभ्या राहत असतानाच ती तिथं जाऊन कागदाला वर हातभर फट ठेवायला लावायची. "वारा शिरंल मावशी," मजूर म्हणायचे. "शिरू दे. वारा गार असतो, पण तो मारत नाय," ती सांगायची. आणि घमेलं आत दिसलं, की बाहेर.

पुढच्या वर्षी सगुणाबाई येईल असं कुणाला वाटलं नव्हतं. पण ती आली. सुवर्णाला पाठीला बांधून, नवऱ्याबरोबर, त्याच बांधावर. झोपडी मात्र तिनं जुन्या जागेपासून लांब बांधली. तिसऱ्या-चौथ्या पहाटे गोजराबाई हाळी देत विहिरीपर्यंत आली, तर धुक्यातून समोरून दुसरी हाळी. "उठली का वंऽऽऽ?" आवाज बारीक, डोंगराकडचा सूर. सगुणाबाई पलीकडच्या टोकापासून सुरुवात करून आली होती. दोघी विहिरीच्या कठड्यापाशी भेटल्या. सगुणाबाईनं तीन दगडांवर चहा टाकला आणि दोघींनी एकाच जर्मनच्या भांड्यातून आळीपाळीनं प्यायला.

गोजराबाईला आता मागं वळून पाहताना सगळ्यात जास्त आठवायची ती तीच वेळ. नदीवरून उठलेलं धुकं विहिरीच्या पायरीपर्यंत आलेलं. पलीकडचा किनारा दिसत नाही, घाटावरच्या देवळाचा कळस तेवढा वर तरंगतोय. शेवंतीचा ओला, कडवट वास. चुली पेटायला लागलेल्या आणि एकेका झोपडीतून बायकांचा, पोरांचा, भांड्यांचा आवाज सुरू झालेला. सगळ्यांनी ओ दिलेली. त्यापुढं दिवस कसाही जावो, सुरुवात चांगली झालेली असायची.

सुवर्णा वाढली, तिचं लग्न झालं. एका साली सगुणाबाई हंगामाला आली नाही. माघ महिन्यात एका दुपारी एसटीनं आली, पाहुण्यासारखी, नवं लुगडं नेसून. डोक्यावर पाटी, पाटीत पानं, आणि पानांखाली स्ट्रॉबेरी. सुरगाण्याच्या आपल्या रानात त्यांनी लावली होती. आता कामाला बाहेर पडायची गरज राहिली नाही, म्हणाली. गोजराबाईनं एक तोंडात टाकली. "लय आंबट हाय गं," तिनं तोंड वेडंवाकडं केलं. दोघी हसल्या. सगुणाबाई गेल्यावर गोजराबाईनं एकटीनं बसून अर्धी पाटी संपवली.

आणि आता ही इंदिरानगरची थंडी. टीव्हीवर पुन्हा निफाडचं नाव, बागांत पेटलेल्या शेकोट्यांची चित्रं. त्या चित्रांत मागं कुठंतरी पत्र्याच्या खोल्यांची एक रांग दिसली. गोजराबाईनं लगेच सायखेड्याला फोन लावला.

"छाया, औंदा मजूर कुठं राहिलेत गं?"

"आता झोपड्या नाय राहिल्या आई," छाया म्हणाली. "ठेकेदारानं पत्र्याच्या खोल्या केल्यात. आतून कडी हाय, चांगल्या हायेत. माणसं पण लांबची हायेत, यूपीकडची."

"खोल्यांना खिडकी हाय का?"

"ते नाय बघितलं."

गोजराबाईनं फोन ठेवला आणि राजला सांगितलं, "मला सायखेड्याला सोड."

"आई, बाहेर थंडी काय पडली आहे, माहीत आहे ना? डॉक्टरांनी गुडघ्यांना गारठा लागू द्यायचा नाही म्हणून सांगितलंय. साईला फोन करू, तो बघेल."

"साई बघंल. मी पण बघंन."

राजनं आईच्या तोंडाकडं पाहिलं. लहानपणी पहाटे तिची हाळी ऐकत गोधडीत पडून राहायचा तो. आवाज लांब लांब जायचा आणि मग परत जवळ यायचा. परत जवळ आला, की आई आता घरी येणार, हे त्याला कळायचं. रविवारी सकाळी त्यानं गाडी काढली.

ओझर सोडलं आणि धुक्यानं रस्ताच गिळला. राज काच खाली करून, मान बाहेर काढून चालवत होता. पुढं एका टेम्पोचा लाल दिवा होता, त्याच्या मागं मागं गाडी सरकत होती. शेकायला बसलेली माणसं रस्त्याच्या कडेला एकदम उगवायची आणि एकदम दिसेनाशी व्हायची. गोजराबाईनं शालीतून नाक बाहेर काढलं आणि वास घेतला. "नदी आली," ती म्हणाली. राजला अजून काहीच दिसत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे ती काठी टेकत निघाली. छाया बॅटरी घेऊन बरोबर होती आणि सारखी म्हणत होती, "आई, हळू. आई, दगड हाय." पत्र्याच्या खोल्यांची रांग कलाबाईच्या मळ्याच्या टोकाला होती. गोजराबाई पहिल्या दारासमोर उभी राहिली. छाती भरून श्वास घेतला.

"उठली का वंऽऽ..."

आवाज मध्येच फाटला. खोकला आला. पुन्हा लावला, तरी पूर्वीचा सूर लागेना. आतून काहीच उत्तर नाही. कसं येणार? ही माणसं तिला ओळखत नव्हती, त्यांना ती हाळी कळत नव्हती. तिनं काठीनं पत्रा वाजवला.

"कौन है सुबह-सुबह?" आतून बाईचा वैतागलेला आवाज आला. कडी निघाली. डोक्यावर पदर ओढलेली, झोपेनं डोळे सुजलेली एक तरुण बाई दारात आली. "क्या हुआ अम्मा?"

गोजराबाईला आयुष्यात पहिल्यांदा ही हाळी हिंदीत द्यायची होती. "अंदर शेगडी लगाया क्या?" तिनं विचारलं.

"अम्मा, ठंड में क्या करें?" ती बाई हसली.

गोजराबाई तिला बाजूला सारून आत गेली. खिडकी नव्हती. कोपऱ्यात घमेलं, त्यात निखारे. भिंतीला दोन पोरं एकाच रजईत. गोजराबाईनं पदर हाताला गुंडाळला, पण वाकता येईना. छायानं घमेलं उचललं आणि बाहेर नेऊन ठेवलं. मग छायानंच आपल्या हिंदीत त्या बाईला सगळं सांगितलं, त्या जुन्या झोपडीचं, त्या म्हातारीचं. ऐकता ऐकता बाईचं तोंड उतरलं. तिनं पळत जाऊन पोरांना हलवलं. पोरं कुरकुरत उठली, एकानं तिला लाथ मारली. बाई त्याला छातीशी धरून तिथंच बसली.

बाकीच्या दारांतून ओ आली. शेवटच्या दारातून येईना. गोजराबाईनं हाळी दिली, पत्रा वाजवला, पुन्हा वाजवला. दार ढकललं, ते हलेना. "छाया, साईला बोलव," ती म्हणाली. "पहार आण म्हणावं." छाया पळणार एवढ्यात मागून धुक्यातून एक माणूस डबा हातात घेऊन आला आणि गोंधळून उभा राहिला. "अम्मा, मैं तो बाहर गया था। दरवाज़ा ऐसे ही अटक जाता है। दूसरा कोई नहीं है अंदर।"

गोजराबाई मटकन खाली बसली. आधी तिला रडू आलं, मग हसू आलं. छायाला तिला उठवायला दोनदा हात द्यावा लागला.

त्याच दिवशी साई ठेकेदाराला घेऊन आला आणि दोघांनी प्रत्येक खोलीच्या पत्र्याला वर, छपराखाली, झरोके कापले. कलाबाईनं तक्रार करत करत दोन सतरंज्या आणि लोकरी कपड्यांचं एक गाठोडं आणून टाकलं. संक्रांत होईपर्यंत गोजराबाई सायखेड्यातच राहिली. आठवड्याभरात त्या खोल्यांतून, ती अजून बांधावर असतानाच, आवाज यायला लागले, "उठ गये अम्मा!" छायाला ओरडायची लाज वाटायची. ती नुसताच पत्रा वाजवत जायची आणि आतून उत्तर आलं की मान हलवायची. तेही चालत होतं.

थंडी ओसरायला लागली त्या दिवसांत गोजराबाई आणि कलाबाई सकाळी ओट्यावर ऊन धरून बसायच्या. समोर शेवंतीचा शेवटचा तोडा चाललेला असायचा.

"पहिली थंडी राहिली नाय बघ," कलाबाई म्हणाली.

"थंडी तीच हाय. आपल्या अंगावरचं मांस गेलं."

"मांस गेलं तर जास्त वाजायला पाहिजे की!"

"मग वाजती का नाय तुला?"

"वाजती," कलाबाईनं कबूल केलं. "पण तशी मजा नाय."

गोजराबाईला विहिरीजवळचं धुकं आठवत होतं, आणि जर्मनच्या भांड्यातला चहा. राज दुपारी तिला न्यायला येणार होता. तिनं अजून पिशवी भरायला घेतली नव्हती.